वुदरिंग हाइट्समधील पात्रसंबंध आणि सीमा

वुदरिंग हाइट्स ही एमिली ब्राँटी (३० जुलै १८१८ – १९ डिसेंबर १८४८) या इंग्रज लेखिकेची एकमेव कादंबरी होय. ती डिसेंबर १८४७ मध्ये ‘एलिस बेल’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या माळरानावर राहणाऱ्या अर्नशॉ व लिंटन या दोन घराण्यांची आणि त्यांच्यात बाहेरून आलेल्या हीथक्लिफ या अनाथाची ही कथा आहे. कादंबरीतील नातेसंबंधांचा विचार करताना ‘सीमा’ ही कल्पना वारंवार पुढे येते. घराच्या भिंती, खिडक्या व फाटके या दृश्य सीमा आहेत. कुल, वर्ग, कायदा आणि मालमत्ता या सामाजिक सीमा आहेत. एका व्यक्तीचे मन कोठे संपते आणि दुसऱ्याचे कोठे सुरू होते, ही त्यांहून सूक्ष्म अशी तिसरी सीमा होय.

ही कादंबरी उत्कट प्रेमकथा म्हणून सर्वत्र ओळखली जाते. तथापि कॅथरिन व हीथक्लिफ यांचे नाते कोणतीही सीमा मानत नाही आणि त्याची किंमत भोवतालच्या जवळजवळ प्रत्येकाला मोजावी लागते. पुढील पिढीतील कॅथी व हेअरटन यांचे नाते मात्र दुसऱ्याचे वेगळेपण मान्य करून उभे राहते. या दोन नात्यांतील फरक हा कादंबरीच्या रचनेचा कणा आहे.

(आई व मुलगी या दोघींचेही नाव कॅथरिन असल्याने या लेखात आईचा उल्लेख ‘कॅथरिन’ व मुलीचा उल्लेख ‘कॅथी’ असा केला आहे.)

## पार्श्वभूमी

एमिली ब्राँटी यांचे बहुतेक आयुष्य यॉर्कशायरमधील हॉवर्थ या गावी गेले. त्यांचे वडील तेथे धर्मोपदेशक होते. गावाच्या मागे ‘मूर’ म्हणून ओळखले जाणारे उंच, ओलसर व हेदरच्या झुडपांनी व्यापलेले माळरान पसरलेले आहे. ‘वुदरिंग’ हा त्या प्रांताच्या बोलीतील शब्द असून वादळी हवेत उघड्यावरील जागेला बसणारा वाऱ्याचा तडाखा त्यातून सूचित होतो.

लंडनचे प्रकाशक टॉमस कॉटली न्यूबी यांनी ही कादंबरी अ‍ॅन ब्राँटी यांच्या ‘अ‍ॅग्नेस ग्रे’सह तीन खंडांच्या संचात प्रसिद्ध केली. एमिली यांच्या निधनानंतर थोरली बहीण शार्लट ब्राँटी यांनी १८५० मध्ये संपादित आवृत्ती काढली. हीथक्लिफसारखे पात्र निर्माण करणे कितपत योग्य, अशी शंका त्यांनी तिच्या प्रस्तावनेत व्यक्त केली होती.

## कथानकाचा गोषवारा

१८०१ मध्ये लॉकवुड नावाचा शहरी गृहस्थ थ्रशक्रॉस ग्रेंज हे घर भाड्याने घेतो व घरमालक हीथक्लिफला भेटण्यासाठी वुदरिंग हाइट्स या घरी जातो. तेथील विचित्र वातावरणाने चकित होऊन तो आपली घरव्यवस्था पाहणाऱ्या नेली डीनकडे चौकशी करतो. तिने सांगितलेली हकीकत म्हणजे कादंबरीचा मोठा भाग होय.

सुमारे तीस वर्षांपूर्वी थोरले अर्नशॉ लिव्हरपूलहून एका बेवारस मुलाला घरी आणतात. त्यांची मुलगी कॅथरिन व हा हीथक्लिफ जिवलग होतात, तर मुलगा हिंडली त्याचा द्वेष करू लागतो. वडिलांच्या मृत्यूनंतर हिंडली हीथक्लिफचे शिक्षण बंद करतो व त्याला गडीमाणसांत ढकलतो. कॅथरिन श्रीमंत शेजारी एडगर लिंटन याच्याशी लग्न ठरवते, तेव्हा हीथक्लिफ घर सोडून जातो. तीन वर्षांनी तो पैसा मिळवून परततो. तो पैसा कोठून आला हे शेवटपर्यंत कळत नाही. त्यानंतर तो हिंडलीचे घर जुगार व गहाणखतांच्या मार्गाने गिळतो आणि एडगरची बहीण इझाबेला हिला पळवून नेऊन तिच्याशी लग्न करतो. कॅथरिन मुलीला जन्म देऊन दोन तासांत मरण पावते.

पुढील पिढीत हीथक्लिफ आपला आजारी मुलगा लिंटन याचे कॅथीशी बळजबरीने लग्न लावून दुसरे घरही ताब्यात घेतो. एडगर व लिंटन यांच्या मृत्यूनंतर कॅथी हाइट्सवर अडकून पडते. तेथे तिचे हिंडलीच्या अडाणी ठेवलेल्या मुलाशी, हेअरटनशी, प्रथम वैर व नंतर प्रेम जुळते. सूडाची इच्छाच विझलेला हीथक्लिफ १८०२ मध्ये मरण पावतो.

## प्रमुख पात्रे व त्यांची नाती

* कॅथरिन अर्नशॉ : अर्नशॉंची मुलगी, हिंडलीची बहीण, एडगरची पत्नी, कॅथीची आई.
* हीथक्लिफ : अर्नशॉंनी सांभाळलेला मुलगा, पुढे इझाबेलाचा पती व लिंटनचा पिता.
* हिंडली अर्नशॉ : कॅथरिनचा थोरला भाऊ; हेअरटनचा पिता.
* एडगर लिंटन : थ्रशक्रॉस ग्रेंजचा मालक, कॅथीचा पिता.
* इझाबेला लिंटन : एडगरची धाकटी बहीण.
* कॅथी लिंटन : एडगर व कॅथरिन यांची मुलगी.
* लिंटन हीथक्लिफ : इझाबेलाचा मुलगा, म्हणजे कॅथीचा आतेभाऊ व पहिला पती.
* हेअरटन अर्नशॉ : हिंडलीचा मुलगा, म्हणजे कॅथीचा मामेभाऊ व नियोजित दुसरा पती.
* नेली (एलेन) डीन : दोन्ही घरांत काम केलेली सेविका, मुख्य निवेदक.
* लॉकवुड : भाडेकरू, बाह्य निवेदक.
* जोसेफ : हाइट्सवरील वृद्ध, कर्मठ गडी.

इंग्रजीत आतेभाऊ व मामेभाऊ यांना एकच शब्द असल्याने मूळ वाचकाला ही नाती जुळवून पाहावी लागतात. मराठी नातेवाचक शब्दांत ती लगेच उलगडतात. कॅथीचे पहिले लग्न आत्याच्या मुलाशी होते व दुसरे मामाच्या मुलाशी ठरते. हीथक्लिफ हा तिच्या आत्याचा नवरा व नंतर तिचा सासरा होतो. एवढ्या लहान वर्तुळात सर्व नाती गुंतल्यामुळे एका घरातील इजा दुसऱ्या घरात पोहोचल्यावाचून राहत नाही.

## दोन घरे

वुदरिंग हाइट्स व थ्रशक्रॉस ग्रेंज यांच्यात सुमारे चार मैलांचे अंतर आहे. पहिले घर टेकडीवर वाऱ्यात उभे असून त्याच्या भिंती जाड व खिडक्या अरुंद आहेत. दुसरे खालच्या सखल भागात, भिंतीने वेढलेल्या विस्तीर्ण उपवनात आहे. पहिल्यात शेतकरी जमीनदारांची राकट राहणी, तर दुसऱ्यात गालिचे, झुंबरे व पुस्तके आढळतात.

एका घरातून दुसऱ्यात जाणे ही या कादंबरीत नेहमीच गंभीर घटना असते. बालपणी कॅथरिन व हीथक्लिफ ग्रेंजच्या खिडकीतून आत डोकावतात. पकडले गेल्यावर कॅथरिनच्या घोट्याला कुत्रा चावतो. तिला आत घेऊन तिची शुश्रूषा होते, तर हीथक्लिफला हाकलून दिले जाते. तो काही काळ बाहेर उभा राहून खिडकीतून तिला न्याहाळतो. एका तावदानाच्या दोन बाजूंना झालेली ही पहिली फाटाफूट होय. पाच आठवड्यांनी कॅथरिन घरी परतते ती उंची पोशाखातील तरुणी होऊन. हीथक्लिफच्या मळक्या हातांनी कपडे खराब होतील, याची तिला चिंता वाटते.

खिडकीचे हे रूप पुढे पुन्हा पुन्हा येते. लॉकवुडच्या दुःस्वप्नात कॅथरिनचे बालरूप खिडकीबाहेरून आत येण्यासाठी विनवणी करते आणि एरवी सभ्य असलेला लॉकवुड भीतीने तिचे मनगट फुटक्या काचेवर घासतो. आजारी कॅथरिन ऐन हिवाळ्यात ग्रेंजची खिडकी उघडून हाइट्सच्या दिशेने पाहते. हीथक्लिफ त्याच जुन्या पेटीवजा पलंगावर, उघड्या खिडकीतून येणाऱ्या पावसात मृतावस्थेत सापडतो.

कॅथीच्या बाबतीत ही सीमा उपवनाची भिंत असते. तेराव्या वर्षापर्यंत एडगर तिला एकटीला आवाराबाहेर जाऊ देत नाही. हा बंदोबस्त प्रेमातून केलेला असला तरी त्यामुळे ती बाहेरच्या धोक्यांविषयी पूर्णतः अजाण राहते. पुढे एकदा भिंतीवर चढली असता तिची टोपी पलीकडे पडते. ती उतरते, दार कुलूपबंद असल्याने तिला परत येता येत नाही आणि नेमका त्याच वेळी हीथक्लिफ तेथे पोहोचतो.

## कॅथरिन आणि हीथक्लिफ

लिव्हरपूलहून आणलेल्या मुलाला अर्नशॉ दांपत्याच्या बालपणी वारलेल्या मुलाचे नाव दिले जाते. हीथक्लिफ हे एकच नाव त्याचे व्यक्तिनाव व आडनाव असे दोन्ही होते. घरात मृताची जागा त्याला मिळते, पण घराण्याचे नाव मिळत नाही. तो आल्याने हिंडलीसाठी आणलेले सारंगीसारखे वाद्य मोडते व कॅथरिनसाठी आणलेला चाबूक हरवतो. हिंडलीला त्याच्यात प्रतिस्पर्धी दिसतो. कॅथरिनला मात्र बंडातील सोबती मिळतो.

बारा वर्षांची होईपर्यंत कॅथरिन त्याच्यासोबत एकाच पलंगावर झोपत असे. वडिलांच्या दफनानंतर हिंडलीने त्यांना वेगळे केले. अनेक वर्षांनी आजारपणातील भ्रमात तिला आपले सर्व दुःख त्या पहिल्या एकाकी रात्रीपासून सुरू झाल्यासारखे वाटते. हे नाते भावंडांचे, मित्रांचे की प्रेमिकांचे, याचा निर्णय कादंबरी देत नाही. हीथक्लिफ हा अर्नशॉंचाच अनौरस मुलगा असावा, असा तर्क काही समीक्षकांनी केला आहे. संहितेत त्याला निश्चित आधार नाही.

नवव्या प्रकरणातील स्वयंपाकघरातील प्रसंग हा या नात्याचा केंद्रबिंदू मानला जातो. एडगरला होकार दिल्यावर कॅथरिन नेलीजवळ मन मोकळे करते. हिंडलीने हीथक्लिफला इतके खाली आणले आहे की त्याच्याशी लग्न केल्यास आपलीही प्रतिष्ठा जाईल, असे ती म्हणते. बाकामागे असलेला हीथक्लिफ एवढेच ऐकून निघून जातो. त्यानंतर ती जे सांगते ते त्याच्या कानी पडत नाही. दोघांचे आत्मे एकाच द्रव्याचे आहेत आणि आपण स्वतःच हीथक्लिफ आहोत, असा तिच्या पुढील बोलण्याचा आशय असतो.

हे विधान प्रेमाची परमावधी म्हणून प्रसिद्ध पावले. मात्र त्याचा दुसरा अर्थही कथानकातून स्पष्ट होतो. जो आपणच आहोत त्याला काही सांगण्याची, विचारण्याची वा त्याची क्षमा मागण्याची गरज उरत नाही. कॅथरिन हीथक्लिफचे मन विचारात न घेता त्याच्या भवितव्याची योजना आखते. एडगरच्या पैशाने त्याला हिंडलीच्या तावडीतून सोडवायचे, असा तिचा विचार असतो. एडगरला ते कसे वाटेल, हा प्रश्नही तिच्या मनात येत नाही. त्यांच्या अखेरच्या भेटीत दोघेही एकमेकांवर आपल्या नाशाचा ठपका ठेवतात. कॅथरिनने स्वतःचेच मन मोडले आणि ते करताना आपलेही मोडले, ही हीथक्लिफची तक्रार त्यांच्या एकरूपतेच्या कल्पनेतूनच निघते.

## कॅथरिन आणि एडगर

एडगर हा सौम्य, सुसंस्कृत व पत्नीवर निष्ठा असलेला पती आहे. सुरुवातीच्या काळात घरात शांतता नांदते, कारण सर्वजण कॅथरिनच्या मर्जीप्रमाणे वागतात. हीथक्लिफ परतल्यावर ही शांतता कोसळते. त्याला स्वयंपाकघरात बसवणे योग्य ठरेल, असे एडगर सुचवतो. त्यावर कॅथरिन उपहासाने दोन मेजे मांडायला सांगते: एक एडगर व इझाबेला या थोरामोठ्यांसाठी आणि दुसरे स्वतःसाठी व हीथक्लिफसाठी.

पुढे एडगर हीथक्लिफला घरातून जाण्यास सांगतो, तेव्हा कॅथरिन दार बंद करते आणि पतीला किल्ली मिळू नये म्हणून ती विस्तवात टाकते. तिघे एका खोलीत कोंडले जातात व कोणालाही माघार घेण्याची जागा उरत नाही. नंतर एडगर तिच्यापुढे आपण किंवा हीथक्लिफ असा पर्याय ठेवतो. कॅथरिन खोलीत स्वतःला कोंडून तीन दिवस अन्न वर्ज्य करते. या आजारात तिला आरशातील स्वतःचा चेहराही ओळखता येत नाही. दोन पुरुषांना आपल्यात सामावून घेऊ पाहणाऱ्या कॅथरिनला अखेर स्वतःची ओळखच हरवावी लागते.

खिडकीच्या फळीवर तिने कोरलेली तीन नावे लॉकवुडला दिसतात: कॅथरिन अर्नशॉ, कॅथरिन हीथक्लिफ व कॅथरिन लिंटन. जन्माने मिळालेले, मनात असलेले आणि लग्नाने आलेले असे हे तीन पर्याय आहेत. तिची मुलगी याच तीन नावांतून उलट क्रमाने जाते. ती जन्माने लिंटन, पहिल्या लग्नाने हीथक्लिफ व दुसऱ्या लग्नानंतर अर्नशॉ होणार असते.

## वर्ण, वर्ग आणि परकेपणा

हीथक्लिफचे मूळ कादंबरीत अज्ञात राहते. तो सावळा असून आला तेव्हा कोणालाही न कळणारी भाषा बोलत होता. त्याला ‘जिप्सी’ म्हटले जाते. एडगरचे वडील तो ‘लास्कर’ किंवा अमेरिकन वा स्पॅनिश बेवारशी असावा, असा अंदाज करतात. ‘लष्कर’ या शब्दाशी संबंधित असलेला ‘लास्कर’ हा शब्द ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरील हिंदुस्थानी व अन्य आशियाई खलाशांसाठी वापरला जात असे. नेली एकदा त्याची समजूत घालताना त्याचे वडील चीनचे सम्राट व आई हिंदुस्थानची राणी असेल, अशी कल्पना रंगवते. अठराव्या शतकात लिव्हरपूल हे गुलामांच्या व्यापाराचे मोठे बंदर होते, याकडेही अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे.

वर्ग ही या समाजातील अढळ मर्यादा नाही, हे कादंबरी दाखवते. हिंडली हीथक्लिफला गडी बनवतो आणि पुढे हीथक्लिफ हिंडलीच्या मुलाला तसाच गडी बनवतो. एकाच प्रकारचा वारा लागल्यास दुसरे झाडही तितकेच वाकडे वाढते का, हे पाहण्याचा त्याचा मनसुबा असतो. हाइट्सच्या दारावर १५०० हे साल व हेअरटन अर्नशॉ हे पूर्वजाचे नाव कोरलेले आहे. त्याच नावाचा वंशज स्वतःच्या घराच्या दारावरील स्वतःचे नाव वाचू शकत नाही.

## विवाह, मालमत्ता आणि कायदा

हीथक्लिफचा सूड मुख्यतः कायद्याच्या चौकटीत राहून घेतलेला आहे. कायद्याचे जाणकार सी. पी. सँगर यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात कादंबरीतील कालक्रम, वंशवृक्ष व वारसाहक्काचे तपशील तपासले आणि ते काटेकोर असल्याचे दाखवून दिले. दोन्ही घराण्यांची वंशावळ एकमेकींच्या प्रतिबिंबासारखी सममित आहे, हे निरीक्षणही त्यांचेच होय.

त्या काळच्या इंग्लिश कायद्यानुसार लग्नानंतर स्त्रीची जंगम मालमत्ता पतीची होत असे. १८७० व १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या कायद्यांनी ही स्थिती बदलली. कादंबरीत हा व्यवहार तीन टप्प्यांनी घडतो.

* हिंडली जुगारासाठी सर्व जमीन गहाण टाकतो. त्याच्या मृत्यूनंतर गहाणदार म्हणून हीथक्लिफ हाइट्सचा मालक होतो.
* कॅथीचे लिंटनशी लग्न होताच तिची जंगम मालमत्ता त्याची होते. तो ती मृत्युपत्राने वडिलांच्या नावे करतो. ही मालमत्ता विश्वस्तांकडे सोपवण्याची एडगरची धडपड व्यर्थ जाते, कारण हीथक्लिफने फितवलेला वकील वेळेवर येत नाही.
* एडगरला मुलगा नसल्याने ग्रेंजची जमीन वारसाक्रमाने इझाबेलाच्या शाखेकडे जाते. लिंटन सज्ञान नसल्याने तो जमिनीची विल्हेवाट लावू शकत नाही, तरी पत्नीच्या व मुलाच्या हक्काने हीथक्लिफ ती बळकावतो.

इझाबेलाच्या छळाचे चित्रणही याच संदर्भात महत्त्वाचे आहे. कादंबऱ्यांतील नायकांच्या कल्पना हीथक्लिफवर लादून ती त्याच्यावर भाळते. पळून जाताना तो तिच्या कुत्र्याला फासावर लटकवतो, तरीही तिचे डोळे उघडत नाहीत. लग्नानंतर विभक्त होण्याचा दावा तिला करता येऊ नये इतपत आपण कायद्याच्या आत राहतो, असे तो उघडपणे सांगतो. कायद्याने आखलेली मर्यादा व माणुसकीची मर्यादा यांतील दरी या एका उद्गारातून दिसते. इझाबेला लग्नाची अंगठी विस्तवात टाकून पळते व इंग्लंडच्या दक्षिणेत मुलाला एकटीने वाढवते. छळणाऱ्याच्या घरातून स्वतःच्या बळावर बाहेर पडणारी ती या कथेतील पहिली व्यक्ती आहे.

## दुसरी पिढी: कॅथी, लिंटन आणि हेअरटन

कॅथी व लिंटन यांचे नाते दयेवर उभे असते. सुखाची कल्पना दोघांची वेगळी आहे. लिंटनला उन्हात माळावर निश्चल पडून राहावेसे वाटते, तर कॅथीला वाऱ्यात डुलणाऱ्या झाडावर झोके घ्यावेसे वाटतात. यावरून भांडण होता होता दोघे दोन्ही गोष्टी आजमावून पाहण्याचे ठरवतात. असा समेट पहिल्या पिढीत क्वचितच आढळतो. मात्र वडिलांच्या धाकाने लिंटन तिला फसवून घरी आणतो. हीथक्लिफ कॅथी व नेली या दोघींना कोंडून ठेवून लग्न पार पाडतो.

हेअरटनशी कॅथीचे संबंध अपमानाने सुरू होतात. पहिल्याच भेटीत ती त्याला नोकर समजते. नंतर त्याच्या अडखळत वाचण्याची ती थट्टा करते आणि संतापून तो आपली पुस्तके जाळून टाकतो. हे वैर संपते ते कॅथीच्या एका कृतीने. ती एक पुस्तक पांढऱ्या कागदात गुंडाळून, फीत बांधून, त्यावर हेअरटनचे नाव आदरार्थी उपाधीसह लिहून नेलीच्या हाती पाठवते. त्याने ते स्वीकारल्यास आपण त्याला वाचायला शिकवू आणि नाकारल्यास पुन्हा कधीही त्याला त्रास देणार नाही, असा निरोपही देते. पुस्तक स्वीकारायचे की नाही, याचा निर्णय ती पूर्णपणे त्याच्यावर सोपवते. नकाराचा हक्क दुसऱ्याला मोकळेपणाने देणारा असा प्रसंग कादंबरीत दुसरा नाही.

सीमा आखण्याचे काम हेअरटनही करतो. कॅथी त्याच्यापुढे हीथक्लिफची निंदा करू लागते, तेव्हा तो तिला थांबवतो. आपण तिच्या वडिलांना नावे ठेवली तर तिला कसे वाटेल, असे तो विचारतो. ज्याने त्याची मालमत्ता व शिक्षण हिरावले, त्याच्यावरही त्याची मुलासारखी माया आहे. कॅथीला ती पटत नाही, पण ती तिचा मान राखते व पुन्हा त्याच्यासमोर तसे बोलत नाही. न पटलेल्या भावनेचाही असा आदर करणे कॅथरिनला कधी जमले नव्हते.

या नात्याची दृश्य खूण म्हणजे बाग. जोसेफची लाडकी ब्लॅककरंटची झुडपे उपटून दोघे तेथे ग्रेंजहून आणलेली फुलझाडे लावू पाहतात. पहिल्या भेटीत लॉकवुडला फाटक साखळीने बंद आढळले होते. १८०२ च्या सप्टेंबरमध्ये तो परततो तेव्हा फाटक उघडते, दारेखिडक्या सताड उघडी असतात आणि आत कॅथी हेअरटनला वाचन शिकवत असते. त्यांचा विवाह १८०३ च्या नववर्षदिनी ठरलेला आहे.

## मृत्यूची सीमा

कॅथरिनला लिंटन कुटुंबाच्या कोरीव स्मारकाखाली किंवा माहेरच्या माणसांजवळ पुरले जात नाही. चर्चच्या आवारातील एका कोपऱ्यात, जेथे भिंत इतकी ठेंगणी आहे की माळावरची हीथ व बिलबेरीची झुडपे तिच्यावरून आत आली आहेत, तेथे तिची कबर असते. मृत्यूनंतरही ती दोन्ही घराण्यांच्या बाहेर, माळाच्या काठावर राहते.

दफनाच्या रात्री हीथक्लिफ तिची कबर उकरतो. अठरा वर्षांनी एडगरच्या दफनावेळी तो पेटी पुन्हा उघडवतो व तिची एक बाजू सैल करून ठेवतो. आपल्याला शेजारी पुरताना दोन्ही पेट्यांच्या बाजू काढून टाकाव्यात, यासाठी तो कबर खोदणाऱ्याला पैसे देतो. दोन देहांतील अखेरची फळीही नको असणे, हे त्यांच्या नात्याचे टोक आहे. त्याच्या मृत्यूनंतर गावकऱ्यांना दोघांची भुते दिसल्याच्या वार्ता पसरतात. लॉकवुडला मात्र तीन कबरी शांत भासतात. यांतील खरे काय, हे कादंबरी वाचकावर सोडते.

## निवेदकांच्या मर्यादा

सर्व हकीकत लॉकवुड व नेली यांच्या मार्फत कळते. नेलीच्या आईने हिंडलीला दूध पाजले होते. त्यामुळे नेली त्याची दूधबहीण आहे व सेविकाही आहे. ती कधी निरोप पोहोचवते, कधी पत्रे जाळते, कधी गोष्टी लपवते. कॅथरिनचे आजारपण गंभीर असल्याचे ती एडगरला वेळेवर सांगत नाही. स्वयंपाकघरातील प्रसंगी हीथक्लिफ ऐकत होता, हे जाणूनही ती कॅथरिनला तत्काळ थांबवत नाही. जेम्स हॅफली यांनी १९५८ मध्ये नेलीच कथेची खरी खलनायिका असल्याचे मत मांडले. बहुतेक समीक्षकांना ते टोकाचे वाटले, तरी तिच्या साक्षीकडे सावधपणे पाहावे, हे सामान्यतः मान्य झाले आहे.

## समीक्षा

डेव्हिड सेसिल यांनी १९३४ मध्ये कादंबरीतील संघर्ष वादळ व शांती या दोन तत्त्वांतील असल्याचे प्रतिपादन केले. डोरोथी व्हॅन गेंट यांनी १९५३ मध्ये खिडकीच्या प्रतिमेचे विश्लेषण करून मानवी जग व त्यापलीकडील जग यांतील सीमेकडे लक्ष वेधले. टेरी ईगल्टन यांनी १९७५ मध्ये वर्गसंघर्षाच्या दृष्टीने, तर सँड्रा गिल्बर्ट व सुझन गुबार यांनी १९७९ मध्ये स्त्रीवादी दृष्टीने कादंबरीचा विचार केला. गिल्बर्ट व गुबार यांच्या मते ग्रेंजमध्ये प्रवेश हा कॅथरिनचा उत्कर्ष नसून स्वातंत्र्याचा अंत आहे.

दुसऱ्या पिढीच्या कथेबद्दल मतभेद आहेत. काहींना ती पहिल्या भागाच्या मानाने फिकी वाटते. इतरांच्या मते तिच्यावाचून पहिल्या भागाचा अर्थच पूर्ण होत नाही.

## रूपांतरे

विल्यम वायलर यांच्या १९३९ च्या चित्रपटात लॉरेन्स ऑलिव्हिए व मर्ल ओबेरॉन यांनी प्रमुख भूमिका केल्या. ओबेरॉन यांचा जन्म मुंबईत झाला होता. ही गोष्ट त्यांनी हयातीत लपवून ठेवली. या चित्रपटात दुसरी पिढी पूर्णपणे वगळण्यात आली. कथेची निखळ प्रेमकथा म्हणून झालेली ओळख बऱ्याच अंशी त्यामुळे दृढ झाली. दिलीप कुमार व वहिदा रहमान यांचा ‘दिल दिया दर्द लिया’ (१९६६) हा हिंदी चित्रपट याच कादंबरीवर आधारित आहे. पीटर कॉस्मिन्स्की यांच्या १९९२ च्या चित्रपटात दोन्ही पिढ्या असून ज्युलिएट बिनोश यांनी आई व मुलगी अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत. अँड्रिया अर्नल्ड यांच्या २०११ च्या चित्रपटात हीथक्लिफची भूमिका कृष्णवर्णीय अभिनेते जेम्स हॉसन यांना देण्यात आली आणि त्याच्या परकेपणाचा प्रश्न पडद्यावर ठळकपणे पुढे आला.